नीट घाबरणारे सर

"कशातला?"

हे विचारताना सर उजव्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडायचे आणि चारही बोटं त्यावर आवळून हात निमुळता करायचे. बांगड्या भरताना बाया करतात तसा. समोरचा नुसतं "तिसरा" म्हणाला की हात आवळलाच समजा. तिसरा खांब असो, तिसरी मोरी असो, नाहीतर चहाच्या टपरीवर "तिसरा कप माझा" म्हणणारा असो. कशातला तिसरा? कुठून मोजला?

तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. साधं बोलताना चप्पल अडकावी तसं वाटतं. मलाही तसंच वाटलं. मी पत्रकं काढणारी बाई. एका कागदात चार मागण्या, दोन शिव्या आणि एक घोषणा बसवायची आणि मोकळं व्हायचं, असली माझी शिस्त. वारूळवाडीत मला नावानं कमी आणि "पत्रकवाली" म्हणून जास्त ओळखतात. आणि हा माणूस एकेका शब्दाला हात आवळायचा.

सरांच्या वडलांचं जुन्नरच्या बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. आता ते धाकटा भाऊ बघतो. दुकानाच्या माडीवर बांगड्यांच्या खोक्यांच्या चळतीत टेबल टाकून सर कुठल्यातरी लांबच्या कंपनीचे प्रोग्रॅम लिहायचे. ते कुठं शिकवत नव्हते. पण आसपासच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचं काही अडलं की ती ह्यांच्या माडीवर यायची, म्हणून सर. अंगानं किरकोळ, दाढी व्यवस्थित, शर्टाच्या बाह्या बंद. आणि घाबरट. हा शब्द मी टाळणार नाही, कारण त्यांनी स्वतः कधी टाळला नाही. इतका भ्यायलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्याकडं भ्यायला कारण आहे. बिबट्या डोंगरात असतो हे शहरातल्यांनी वाचलेलं असतं. आमचा उसात असतो. ऊस घराच्या भिंतीला लागून असतो, शाळेच्या वाटेला असतो, संडासाच्या दारात असतो. बिबट्याची पिल्लं उसातच जन्मतात, त्यांना ऊस हेच जंगल वाटतं. कडुसं पडलं, अंधारून आलं की वस्त्यांवर कुणी त्याचं नाव घेत नाही. "ते" म्हणतात. "ते विहिरीपाशी व्हतं." पोरांना हाका मारताना आयांचा आवाज बदलतो, आणि तो बदललेला आवाज ऐकून कुत्री खाटेखाली जातात. शेतीला वीज द्यायची रात्री, आणि वर सांगायचं की रात्री घराबाहेर पडू नका. हे वाक्य मी किती पत्रकांत छापलं असेल. तालुक्याच्या कार्यालयात प्रत्येक वेळी तोच माणूस तोच कागद घेऊन म्हणायचा, "हे आमच्या हद्दीत येत नाही."

उसातल्या वाटेवर वळायच्या आधी सर गाडी बंद करायचे. कान द्यायचे. मग खाकरायचे आणि उसाकडं बघून मोठ्यानं बोलायचे, "भाऊ, आलोय हां. दोन माणसं आहोत. सरळ जाणार आहोत."

वाटेनं जाणारे हसायचे. "सर, कुनाशी बोलताय?"

"त्याच्याशी."

"मराठी कळतं का त्याला?"

"जुन्नरचाच आहे. कळत असणार."

बोलताना त्यांच्या कपाळावर घाम असायचा. विनोद करून लोक भीती लपवतात. सर विनोदही करायचे आणि घामही पुसायचे, दोन्ही उघड.

आमची ओळख झाली ती भोंग्यांवरून.

आमच्या समितीनं वस्त्यांच्या खांबांवर भोंगे बसवले होते. कल्पना साधी. घराजवळ जनावर दिसलं की ठरलेल्या नंबरावर मिसकॉल द्यायचा. फोन कुठल्या वस्तीतला आहे हे कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलेलं. त्या वस्तीचा भोंगा वाजणार. ज्या वस्तीत वाजेल तिथल्यांनी दारं लावून आत बसायचं, आणि शेजारच्या वस्त्यांतल्या गड्यांनी बॅटऱ्या-काठ्या घेऊन ओरडत तिकडं निघायचं. पुण्याहून आणलेल्या एका माणसानं प्रोग्रॅम करून दिला. लॅपटॉप घेऊन बसला, एक दाबला, पहिला भोंगा वाजला, दोन दाबला, दुसरा वाजला. सगळ्या वस्त्या टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या.

पुढं थोड्याच दिवसांनी चौथ्या वस्तीतल्या शेवंताआजीनं दिवेलागणीला गोठ्यामागं ते पाहिलं. मिसकॉल दिला. भोंगा वाजला तिसऱ्या वस्तीत. आजीच्या वस्तीतले सगळे गडी शिकवल्याप्रमाणं काठ्या घेऊन तिसरीकडं पळाले. मागं राहिल्या बाया आणि पोरं, अंगणात, निर्धास्त, कारण भोंगा तर तिकडं वाजतोय. आजी एकटी ओरडत होती, पण भोंग्यापुढं आजीचा आवाज तो केवढा. गोठ्यातली कालवड गेली. कालवडीच्या शेजारच्या खाटेवर आजीची नात बसली होती.

मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं. त्या पुणेकराला त्यात सोडला नाही. खाली नेहमीची ओळ, "घाबरू नका, एकत्र या." एक पत्रक जुन्नरच्या पेठेतही चिकटलं, आणि संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ताई, तुमच्या पत्रकात चौथी वस्ती लिहिलंय. कशातली चौथी?"

"चौथी म्हणजे चौथी. गावाकडनं."

"गावाकडनं पहिलं काय येतं?"

"पहिली वस्ती येते. तुम्ही कोण?"

"आणि पहिला भोंगा कुठं आहे?"

मी फोन ठेवला. इकडं माणसं मरायला टेकलीत आणि ह्याला आकडेमोड सुचतेय. सकाळी पाहते तर हा फोनवाला माणूस, म्हणजे सर, वाघोबाच्या ठाण्यापाशी उभा, भोंग्याच्या खांबाकडं मान वर करून.

वाघोबाचं ठाणं वस्त्या सुरू व्हायच्या आधी लागतं. शेंदूर लावलेला दगड, वर पत्रा. भोंगे आले तेव्हा सगळ्यांनी पहिला भोंगा आपणहून तिथं बसवायला लावला. देवाचा मान. सरांनी तिथं देवाला आलेल्या शेवंताआजीला विचारलं, "आजी, हा कितवा भोंगा?"

"ह्यो? ह्यो देवाचा."

"हो, पण कितवा?"

"आवं देवाला कोन मोजतं का? पंगतीत निवदाचं पान मोजता का तुमी? पयला भोंगा तिकडं, पयल्या वस्तीत."

सरांचा हात आवळला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मीही बोटांवर मोजायला लागले. पुणेकरानं खांब मोजले होते, ठाण्यापासून. लोकांनी वस्त्या मोजल्या होत्या, ठाणं सोडून. प्रत्येक फोन एक खांब मागं वाजणार होता. पहिल्या वस्तीतल्या बाईनं मिसकॉल दिला असता तर भोंगा रिकाम्या ठाण्यावर, दगडासाठी वाजला असता.

"फसवणूक," मी म्हणाले.

"नाही ताई. दोघांनी बरोबर मोजलं. म्हणूनच भीती वाटते. चुकीचं मोजलं असतं तर कुणीतरी पकडलं असतं." मग खिशातून माझं पत्रक काढून म्हणाले, "आणि हे घाबरू नका कशाला लिहिता? घाबरायलाच पाहिजे. फक्त नीट घाबरायला पाहिजे. योग्य जागी. भोंगा दुसरं काय करतो?"

प्रोग्रॅम त्यांनी नव्यानं लिहायला घेतला. आणि तो इतका सावकाश चालला की माझी मस्तकाची शीर उठली. मी रोज विचारायचे, त्यांचं रोज "अजून थोडं". शेवटी मी माडीवर जाऊन बसले.

"सर, दुरुस्ती एवढीच ना? एक मिळवायचा. चारच्या जागी पाच. माझा भाचा करेल."

"करेल. आणि उद्या कुणी ठाण्यावरचा भोंगा काढला की परत सगळं सरकेल. मग एक वजा करा. ते कोण लक्षात ठेवणार? तुम्ही?"

मग त्यांनी मला बसवून समजावलं. अ‍ॅरे म्हणजे ओळीनं मांडलेले खण. प्रोग्रॅमच्या पुष्कळ भाषांत खणाला आकडाच द्यावा लागतो, आणि आकडा मुका असतो. चार म्हणजे चौथा खांब, चौथी वस्ती, चौथी कालवड, त्याला काही फरक पडत नाही, कुठल्याही खणात घुसतो. सर वापरत ती हॅस्केल. फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा. तिच्यात खणाचा क्रमांक आकडाच असला पाहिजे असं नाही.

त्यांनी मागच्या चळतीतनं खोकी ओढली. "हे माप वाचा."

"दोन-चार. दोन-सहा. दोन-आठ."

"दोन-सहा म्हणजे सव्वीस का?"

"काहीतरीच."

"दोन-सहानंतर काय येतं?"

"दोन-आठ."

"मधे सत्तावीस नाही येत? अठ्ठावीस नाही? माझे अब्बा शाळेत गेले नाहीत, पण गिऱ्हाइकाचा हात बघून न चुकता खोकं काढायचे. कारण मापाला तीन गोष्टी ठाऊक असतात. सुरुवात कुठं आणि शेवट कुठं. आपण त्यात आहोत का. आणि असू तर कितव्या जागी. ह्या तीन प्रश्नांची उत्तरं जो देईल तो खणाचा क्रमांक होऊ शकतो. मग तो आकडा असो, बांगडीचं माप असो, वस्तीचं नाव असो. ह्या अटीला टाइप क्लास म्हणतात. जात नाही विचारत, ताई. फक्त तीन प्रश्न विचारतं. उत्तरं दिली की आत."

त्यांनी वस्त्यांचा एक टाइप, म्हणजे वेगळा प्रकार, केला होता, त्यात वस्त्यांची नावं, वाटेनं जशी येतात तशी. वाघोबाचा टाइप वेगळा. मग माझ्यासमोर त्यांनी मुद्दाम वाघोबाला वस्त्यांच्या खणात घालून पाहिलं. पडद्यावर लाल ओळ उमटली. प्रोग्रॅम आधी तपासून घेणारा कंपायलर नाही म्हणाला. प्रोग्रॅम चालायलाच तयार होईना.

सरांचा चेहरा उजळला. दाराची कडी लावली का, हे तिसऱ्यांदा पाहून आल्यावर माणसाला बरं वाटतं, तसा. "बघा, नाही म्हणाला. देवाला कोण मोजतं का?"

"सर, हे नाही म्हणालं यात कसला आनंद? वाजणार कधी?"

"आधी चुकीचा वाजणार नाही हे बघू. मग वाजवू."

मी रागानं उठून गेले. पण खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी घरी जाताना उसातल्या वाटेवर मीही गाडी बंद करून खाकरले.

नवा प्रोग्रॅम चालू झाला आणि चांगला चालला. शेवंताआजीच्या वस्तीत परत एकदा ते आलं. भोंगा आजीच्याच डोक्यावर वाजला, दारं लागली, तिसऱ्या आणि पाचव्या वस्तीतले गडी ओरडत आले. एक कोंबडीसुद्धा गेली नाही. आजीनं सरांना बोलावून भाकरी खाऊ घातली. "लई भित्रं हाय हे पोरगं," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पर बरं हाय. आमचं गडी शूर हायेत, त्यांच्या शूरपनापायी नात जात व्हती माझी." गडी खाली बघून हसले. सर त्याहून खाली बघत होते.

मग कारखाने सुरू झाले आणि टोळ्या आल्या.

ऊस तोडायला मराठवाड्याकडून माणसं येतात हे तुम्हाला माहीत आहे. ती कुठं राहतात हे तुम्ही पाहिलंय का? फडाच्या कडेला. पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची कोपी, वर प्लास्टिक, दाराला दार नाही. ऊस तुटत जातो तसं जनावर आत आत सरकत जातं, आणि शेवटचा राहिलेला ऊस असतो तो ह्यांच्या चुलीला लागून. पोरांना झोळीत टाकून आया उजाडायच्या आधी फडात उतरतात. ही माणसं आमच्या मतदार यादीत नाहीत, ग्रामसभेत नाहीत. मीच हे पत्रकात लिहिलं होतं.

आणि एका संध्याकाळी त्यातल्या एका टोळीतल्या कमलनं आमच्या खांबावर रंगवलेल्या नंबराला मिसकॉल दिला. चूल पेटलेली, तिची दोन वर्षांची पोरगी झोळीत. उसात पाचट वाजलं, मग वाजायचं थांबलं. थांबलं तेव्हा ती जास्त भ्याली. तिनं परत मिसकॉल दिला. परत दिला. एकही भोंगा वाजला नाही. झोळीच्या दोरीला बांधलेलं कुत्र्याचं पिल्लू एकदाच ओरडलं, आणि दोरीला झटका बसून झोळी हलायला लागली. पोरगी त्या हलण्यानं हसत होती, असं कमलनं सांगितलं. पिल्लू गेलं होतं.

सकाळी मी सरांना घेऊन गेले. कमल चुलीपाशी बसली होती, पोरगी मांडीवर घट्ट धरून. उठली नाही.

"आमी इतक्यांदा फोन लावला. तुमचा भोंगा आमच्यासाठी न्हाई का, दादा?"

सरांनी लॅपटॉप उघडला. फोन आल्याचं दिसत होतं, सगळे आले होते. प्रत्येकासमोर प्रोग्रॅमनं बरोबर तेच केलं होतं जे त्याला सांगितलं होतं. हा नंबर कुठल्या वस्तीतला? कुठल्याच नाही. मग हद्दीबाहेर. हद्दीबाहेरच्या खणाला हात लावायचा नाही. गप्प.

परतताना ते उसाशी बोलले नाहीत. गाडी चालू होती आणि त्यांच्या लक्षात नव्हतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "ताई, ते कार्यालयातले लोक काय म्हणतात तुम्हाला?"

"आमच्या हद्दीत येत नाही."

"मीही तेच लिहिलं. मराठीत नाही लिहिलं, एवढंच."

मी चिडलेलीच होते. म्हणाले, अनोळखी फोन आला की सगळेच भोंगे वाजवा, विषय संपला. त्यांनी मान हलवली. सगळीकडं वाजला म्हणजे कुठंच वाजला नाही. सगळ्या वस्त्यांतले गडी एकमेकांकडं पळणार, आणि महिन्याभरानं कुणी उठणारच नाही. कोपीलाही खण पाहिजे. पण कोपी आज इथं, चार दिवसांनी पुढच्या फडात. तिन्ही प्रश्नांची उत्तरं ती देऊ शकते, फक्त उत्तरं टिकत नाहीत. कुणीतरी रोज विचारायला पाहिजे. आज कुठं आहात, कुठल्या दोन वस्त्यांच्या मधे, जवळचा खांब कुठला.

टोळीच्या मुकादमाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "राव, मी ऊस मोजू का कुत्री?"

तेव्हा सर स्वतः जायला लागले. रोज, दुपार कलताना, उन्हं असेपर्यंत पोचायचं म्हणून. कंपनीचं काम अर्धं टाकून. टोळीतल्या सगळ्यांचे फोन त्यांनी एका नव्या टाइपात घातले आणि त्या टाइपाची हद्द ते रोज नव्यानं लिहायचे. एक भोंगा समितीकडून मागून घेतला, बांबूला बांधला, कोपीबरोबर फिरता ठेवला.

एकदा मी मागं बसून गेले. फडाच्या वाटेला लागलो तशी त्यांच्या पाठीचा शर्ट माझ्या डोळ्यांदेखत भिजत गेला. आवाज फाटला तरी बोलणं चालूच. "भाऊ, आलोय हां. रोजचेच आहोत." दोन्ही बाजूंना ऊस, मधे बैलगाडीएवढी वाट, आणि वारा नसताना एका ठिकाणची पानं हलत होती. सरांनी गाडी थांबवली. ती पानं थांबेपर्यंत आम्ही दोघं श्वास धरून होतो. मग रानडुकराची पिलावळ वाट ओलांडून गेली, आणि सरांनी हँडलवर डोकं टेकलं.

"सर, मला का नाही सांगत? मी जाते रोज. मला भीती वाटत नाही."

"म्हणून नाही सांगत," ते डोकं न उचलता म्हणाले. "भीती न वाटणारा माणूस लांबूनच बघतो आणि लिहितो, साधारण इथंच आहेत. साधारण इथं म्हणजे कुठं?"

 

त्या हंगामात टोळीचा भोंगा दोनदा वाजला. दोन्ही वेळा कोपीपाशीच वाजला, आणि शेजारच्या वस्तीतले गडी आले. कुरकुरत आले, "आता ह्यांच्यापायी बी पळायचं का," असं म्हणत आले, पण आले. कमलची पोरगी सरांना ओळखायला लागली. गाडीचा आवाज आला की ती त्यांच्यासारखं खाकरून दाखवायची. सगळी टोळी हसायची.

आणि मग हंगामाच्या शेवटाला कारखान्यानं टोळी उचलून आंबेगावच्या बाजूला टाकली.

तिकडं भोंगे नव्हते. बांबूवरचा फिरता भोंगा समितीनं परत घेतला होता. खांब होते, भोंगे नव्हते, मिसकॉल घेणारं काही नव्हतं, आणि ओरडत येणारे गडी कुणी ठरवलेले नव्हते. आमच्या समितीची बैठक झाली. तिकडच्या लोकांनी आपलं आपण बघावं, आपला तालुका नाही, पुढच्या हंगामात विचार करू. हे बोलणारी माणसं माझीच होती, माझ्याबरोबर मोर्च्यात चालणारी. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोलले, पत्रक काढते म्हणाले. सर कोपऱ्यात बसले होते. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "पत्रक छापून येईपर्यंत ऊस संपेल, ताई."

"मग तुमचा प्रोग्रॅम तरी काय करणार आहे?"

"काही नाही. खणच नाहीत तर क्रमांक कशाचा देऊ?"

त्यानंतर ते दिसेनात. फोन लागेना. दुकानात गेले तर भाऊ एका नवरीच्या हातात चुडा भरत होता. मान वर न करता म्हणाला, "भाईजान दुपारनंतर तिकडंच असतात आजकाल. सकाळी येतात, डोळे असे लाल. अम्मी रोज भांडते. तुम्ही तरी सांगा."

सर आता इथं नाहीत. हंगाम संपला आणि कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. ते बंगळूरला गेले. कधीमधी फोन येतो, दोन्ही बाजूंनी तब्येतीची चौकशी होते आणि संपतो. वस्त्यांचा प्रोग्रॅम आहे तसा चालतोय. टोळ्यांचा खण रिकामा आहे, कारण ह्या हंगामात रोज जाऊन विचारणारं कुणी मिळालं नाही. मी जाते, पण आठवड्यातून दोनदा. हे मी स्पष्टच लिहिते. तेवढं पुरत नाही.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते तिकडं, आंबेगावच्या बाजूला. भावानं सांगितलं त्याच दिवशी गेले होते. फडाचा पत्ता विचारत विचारत पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. बराचसा ऊस तुटला होता, शेवटचा एक पट्टा उभा होता, काळा, आणि त्याच्या अंगाला लागून कोप्या. बाया चुलींवर वाकलेल्या. गडी अजून ट्रॉली भरत होते, लांब.

कमलच्या कोपीच्या तोंडाशी सर पाचटावर बसले होते, उसाकडं तोंड करून. मांडीवर एक स्टीलची थाळी उपडी, हातात उलथनं. मागं गोधडीवर पोरगी झोपली होती, तिचा एक पाय त्यांच्या पाठीला टेकलेला. ते हलत नव्हते. चुलीच्या उजेडात मला उलथन्याचं टोक दिसत होतं, थाळीपासून बोटभर वर धरलेलं. उसाशी ते बोलत नव्हते. फक्त ऐकत होते. चुलीतलं लाकूड फुटलं तरी त्यांचे खांदे दचकत होते.

मी वाटेवर उभी होते, त्यांच्यापासून फार लांब नाही. हाक मारणार होते. तोंड उघडलंसुद्धा. मग कळलं की आत्ता मी काहीही बोलले तरी ते थाळी बडवणार, सगळ्या कोप्या उठणार, लांबचे गडी कोयते घेऊन पळत येणार, आणि पोरगी जागी होणार.

म्हणून मी गप्प राहिले. पायाखाली पाचट होतं, तेही वाजू नये म्हणून होते तिथंच, एका पायावर भार टाकून, त्यांना मी आपणहून दिसेपर्यंत.